सून म्हणते, सगळं प्लास्टिक घराबाहेर काढा

पत्र: ताई, मी ६१ वर्षांची, सांगलीत राहते. सुनेला चौथा महिना लागलाय, आमचं पहिलंच नातवंड. तिने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून घरात प्लास्टिकविरुद्ध मोहीम उघडली आहे. डाळींचे डबे पोत्यात भरून भंगारवाल्यासाठी ठेवलेत. गच्चीवरची पाण्याची टाकी बदला म्हणते, नळाचे पाइपही बदला म्हणते. प्लास्टिक मऊ करायला जे रसायन घालतात ते पोटातल्या बाळाला बाधतं, असं तिचं म्हणणं. त्यावर साडेचार हजारांचा ‘शरीरशुद्धी’चा किट मागवलाय आणि लघवीची कसलीशी तपासणीही करायची आहे. मी एवढंच म्हटलं, की आम्ही चाळीस वर्षं याच डब्यांतलं खाल्लं, आमची मुलं धडधाकट झाली. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. कोणाचं बरोबर? काय ठेवू, काय टाकू?
– मालती (नाव बदललं आहे)

प्रिय मालतीताई,

निकाल आधी सांगून टाकते. सुनेची काळजी खरी आहे, पण तिची मोहीम म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. डाळींचे डबे, गच्चीवरची टाकी, नळाचे पाइप हे तिघेही संन्यासी. ते पोतं भंगारवाल्याला देऊ नका.

आता चोर कोण ते बघू. पीव्हीसी नावाचं प्लास्टिक मुळात कडक आणि ठिसूळ असतं. त्याचा रेनकोट शिवायचा, टेबलावरचा कापडासारखा कव्हर करायचा, बागेचा लवचीक पाइप करायचा, तर त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळावं लागतं. मऊ पीव्हीसीच्या वजनात हे द्रव्य दहा टक्क्यांपासून चाळीस टक्क्यांपर्यंत भरू शकतं, म्हणजे चिमूटभर नव्हे, चांगलं ओंजळभर. या कामासाठी वर्षानुवर्षं जी रसायनं वापरली गेली त्यांचं कुळ म्हणजे थॅलेट, आणि त्यातलं सगळ्यात जास्त खपलेलं डीईएचपी. मुख्य गोष्ट अशी, की हे द्रव्य प्लास्टिकमध्ये मिसळलेलं असतं, त्याला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं. पोळ्या कागदात गुंडाळून ठेवल्या की कणकेतलं तेल जसं कागदाला लागतं, तसं ते हळूहळू बाहेर येतं.

याचा पुरावा तुमच्या कपाटात असेल. जुन्या पारदर्शक, मऊ फायलीत वर्षानुवर्षं ठेवलेली झेरॉक्स बाहेर काढून बघा. अक्षरं कागद सोडून प्लास्टिकला चिकटलेली दिसतील. फायलीतलं तेच द्रव्य बाहेर येऊन शाईला मऊ करतं आणि ओढून घेतं. जेवणाच्या टेबलावरचं पारदर्शक जाड कव्हर चार-पाच वर्षांनी पिवळं पडतं, कडक होतं, कडेला चिरतं, तेव्हाही हेच झालेलं असतं: मऊ करणारं द्रव्य निघून गेलेलं असतं. कुठे गेलं? थोडं हवेत, थोडं घरातल्या धुळीत, थोडं त्यावर ठेवलेल्या गरम पोळीत.

तर घरातली यादी अशी करा. टेबलावरचं ते मऊ कव्हर, रेक्झिनची आसनं, रेनकोट, बागेचा हिरवा पाइप, दाबलं की चूं-चूं वाजणारी मऊ खेळणी, विनाइलचे हातमोजे, काही प्रकारची क्लिंग फिल्म (अन्नावर ताणून लावायचा पातळ, पारदर्शक कागद), हे सगळं मऊ पीव्हीसीचं असण्याची शक्यता मोठी. सगळ्यांत थॅलेटच असतात असं नाही. आता बरेच कारखाने दुसरी द्रव्यं वापरतात. पण ते डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि आपल्याकडे रेनकोटवर कोणी लिहूनही देत नाही.

उलट तुमचे डाळींचे डबे. तळाला त्रिकोणात आकडा असतो तो बघा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ म्हणजे जाड पॉलिथिन. यांत मऊ करणारं द्रव्य घालायची गरजच नसते. दुधाची पिशवी पॉलिथिनची. गच्चीवरची काळी टाकीही पॉलिथिनची. नळाचे कडक पाइप पीव्हीसीचे असले तरी मऊ न केलेल्या पीव्हीसीचे, म्हणून तर ते कडक आहेत. पाण्याच्या पातळ बाटलीवर १ असतो. तिच्या प्लास्टिकच्या रासायनिक नावाच्या शेवटी थॅलेट येतं म्हणून व्हिडिओवाले तिला फासावर चढवतात, पण ते वेगळं रसायन आहे. ती बाटली उन्हातल्या गाडीत महिनाभर ठेवू नये, पुन्हापुन्हा भरून वापरू नये, एवढंच. आकडा ३, म्हणजे पीव्हीसी, दिसला तर मात्र तो डबा खाण्याच्या कामातून काढा. आकडाच नसेल, रंग काळपट असेल, वास येत असेल, तर त्यात खिळे-स्क्रू ठेवा. भंगार वितळवून केलेल्या प्लास्टिकमध्ये काय-काय आलं आहे हे तो डबा बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पुढचा भाग स्वयंपाकघराचा, म्हणजे तुमच्या अखत्यारीतला. डीईएचपी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात मात्र आनंदाने विरघळतं. म्हणून साध्या पाण्याची फार चिंता नको, चिंता तूप, लोणचं, चीज, तळण आणि मिसळीच्या तर्रीची. त्यात उष्णता आली आणि वेळ गेला की द्रव्य आणखी सुटतं. म्हणजे कोरडे तांदूळ प्लास्टिकच्या डब्यात सहा महिने राहिले तरी फारसं बिघडत नाही, पण कढईतून काढलेल्या गरम पुऱ्या त्या टेबलाच्या कव्हरवर पसरू नका. लोणचं, तूप आणि तेल काचेत, चिनी मातीत किंवा स्टीलमध्ये. तुमच्या सासूबाईंची बरणी माळ्यावर असेल तर उतरवा (सुनेला उतरवायला लावू नका). काचेच्या बाटलीचं झाकण पत्र्याचं असेल तर आतली मऊ गोल रिंग बघा, ती बहुधा पीव्हीसीचीच असते. तेल रिंगेला लागणार नाही इतकी जागा वर सोडा आणि बाटली आडवी ठेवू नका. उरलेलं अन्न मायक्रोवेव्हमध्ये घालण्याआधी काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढा, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

घरात पार्सल आणण्याचं काम चिरंजीवांकडे असणार. त्यांच्या हातात स्टीलचा डबा द्या. हॉटेलातली पातळ पिशवी बहुतेक वेळा पॉलिथिनची असते, म्हणजे थॅलेटच्या हिशेबाने ती मोठी गुन्हेगार नाही. पण उकळता रस्सा तिच्यात ओतायला ती बनलेली नसते, आणि ती कुठल्या मालाची आहे हे हॉटेलवाल्यालाही ठाऊक नसतं. पर्याय म्हणून वर्तमानपत्र सुचवू नका. भजी गुंडाळली की शाई तेलात उतरते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेही करू नका म्हणून सांगितलेलं आहे. कागदी कपातल्या चहाचं कौतुकही थोडं आवरतं घ्या. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की अशा कपात १०० मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटं राहिलं तर आतल्या अस्तरातून सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिककण त्यात येतात. तो प्रश्न आपल्या आजच्या विषयाहून वेगळा आहे, पण चहा काचेच्या ग्लासात प्यायला काय हरकत आहे?

हातमोज्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला. जपानमध्ये २००० सालच्या सुमारास दुकानात मिळणाऱ्या तयार जेवणाच्या डब्यांत डीईएचपी भरपूर सापडलं. शोध घेतला तर ते डबे भरणाऱ्या कामगारांच्या हातातल्या पीव्हीसीच्या हातमोज्यांतून आलेलं निघालं. स्वच्छतेसाठी मोज्यांवर अल्कोहोल फवारायची पद्धत होती, त्याने ते आणखीच सुटत होतं. सरकारने मग असे मोजे अन्नाला लावू नका असं बजावलं. करोनानंतर आपल्याकडे मिठाईच्या दुकानांत मोजे आणि सॅनिटायझर दोन्ही आले, म्हणून ही गोष्ट आठवते. चिमटा किंवा धुतलेला हात यांना अजून तोड नाही.

आता सुनेचं म्हणणं खरं कुठे आहे ते. थॅलेट शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. गाभण उंदरांना डीईएचपी किंवा त्याच कुळातलं डीबीपी मोठ्या प्रमाणात दिलं तर पोटातल्या नर पिल्लांमधलं टेस्टोस्टेरॉन कमी पडतं आणि जननेंद्रियांची घडण बिघडते, हे अनेक प्रयोगशाळांत पुन्हापुन्हा दिसलेलं आहे, त्यात वाद उरलेला नाही. माणसावर असा प्रयोग करता येत नाही, म्हणून तिथे गरोदर स्त्रियांच्या लघवीतलं प्रमाण मोजून पुढे काय होतं ते बघतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या शॅना स्वॉन आणि सहकाऱ्यांनी आईच्या शरीरातले थॅलेट आणि मुलग्यांच्या जननेंद्रियांच्या मापातला सूक्ष्म फरक यांचा संबंध दाखवला. २०२२ मध्ये १६ अभ्यासांतल्या सहा हजारांवर गरोदर स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा काही थॅलेटचं प्रमाण जास्त असलेल्या स्त्रियांत मुदतीआधी प्रसूती होण्याची शक्यता थोडी जास्त निघाली. थोडी, हा शब्द सुनेला दोनदा वाचून दाखवा. आणि अशा अभ्यासात संबंध दिसतो, कारण सिद्ध होतंच असं नाही: ज्या घरात पाकीटबंद खाणं जास्त, तिथे बाकीच्याही गोष्टी वेगळ्या असतात.

किती पोटात गेलं तर चालतं, याचाही हिशेब आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये चार थॅलेट मिळून मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलोमागे रोज ५० मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या बाईला म्हणजे रोज ३ मिलिग्रॅम. तिथल्या लोकांच्या खाण्यातून जाणारं प्रमाण, जास्त जाणाऱ्यांचंही, या मर्यादेच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढं भरलं. म्हणून रोजच्या जेवणाने घात होतोय असं म्हणणं चूक. पण पोटातलं बाळ, तान्हं मूल आणि रांगणारं मूल यांचं वजन कमी, घडण चालू, आणि रांगणाऱ्याची बोटं सतत तोंडात. या तिघांसाठी मी जरा जास्त कडक राहीन. तुमच्या घरात पुढची दोन वर्षं हे तिघं एकामागून एक येणार आहेत. सुनेची वेळ चुकलेली नाही, निशाणा चुकलाय.

‘चाळीस वर्षं खाल्लं, काय झालं?’ या वाक्याबद्दल थोडं. चाळीस वर्षांपूर्वी तुमच्या घरात लोणचं बरणीत होतं, दूध पातेल्यात होतं, पार्सल हा प्रकार सणासुदीलासुद्धा नव्हता आणि टेबलावर कव्हर असलंच तर कापडाचं होतं. प्लास्टिकचे डबे आले ते कोरड्या डाळींसाठी, तेव्हा तुम्हाला काही झालं नाही यात नवल नाही. आणि दुसरं, जो परिणाम हजार बायांत दहा-वीसजणींना जाणवेल, तो एका घरात डोळ्यांना दिसत नाही. तुमची मुलं धडधाकट आहेत ही आनंदाची गोष्ट आहे, पण तो या प्रश्नावरचा पुरावा नव्हे. हे वाक्य तुम्ही सुनेला बोललात तेव्हा तिला ‘तुझी काळजी फालतू आहे’ असं ऐकू आलं असणार. आणि तिने डबे पोत्यात भरले तेव्हा तुम्हाला तुमच्या संसाराला नाव ठेवल्यासारखं वाटलं असणार. दोघींपैकी कोणीच तसं म्हणालेलं नाही.

आता एक गोष्ट तिलाच वाचायला द्या, कारण तिच्या व्हिडिओत ही नसणार. अमेरिकेत सिएटल इथे संशोधकांनी दहा कुटुंबं घेतली. निम्म्यांना प्लास्टिक कसं टाळायचं याची छापील पत्रकं दिली. उरलेल्यांना पाच दिवस सगळं जेवण शिजवून पुरवलं: ताजं, शक्यतो सेंद्रिय, प्लास्टिकला न लावलेलं. अपेक्षा अशी, की या दुसऱ्या गटाच्या लघवीतले थॅलेट झपाट्याने उतरतील. झालं उलटंच. डीईएचपीचे अंश सुमारे २५ पट वाढले! संशोधक चक्रावले, एकेक जिन्नस तपासायला लागले, आणि सापडली काय तर धनेपूड. किलोमागे २१ मिलिग्रॅमहून जास्त डीईएचपी. दुधातही बरंच निघालं. २०१३ मध्ये हा अभ्यास छापून आला तेव्हा त्याच्या शीर्षकातच ‘अनपेक्षित’ हा शब्द होता. म्हणजे जेवण प्लास्टिकपासून लांब ठेवायची इतकी खबरदारी घेतली, आणि मसाला येतानाच ते घेऊन आला होता.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा पहिल्यांदा फ्लेक्स आठवला. आपल्याकडे वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे फ्लेक्स उतरले की वाया जात नाहीत. त्यांच्यावर शेतात मिरच्या, हळद, धने वाळतात, गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळतात, पावसाळ्यात गोठ्यावर तेच ताणतात. हा फ्लेक्स म्हणजे धाग्याच्या जाळीवर चढवलेलं मऊ पीव्हीसी. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर तो हाताला चटका देईल इतका तापतो, आणि वर पसरलेल्या सांडग्यांत मीठ-मसाला, कधी तेलही असतं. सिएटलच्या धन्यांचं कारण हेच होतं असं मी म्हणत नाही, पण तुमच्या घरी वाळवण फ्लेक्सवर होत असेल तर या उन्हाळ्यापासून जुनं सुती लुगडं किंवा धोतर पसरा. ते मिळालं नाही तर साधा पॉलिथिनचा कागदही फ्लेक्सपेक्षा बरा. धने मिळाले तर अख्खे आणा, भाजून घरी कुटा. तेवढ्याने सगळं टळेल याची हमी नाही, पण दळणाच्या आणि भरण्याच्या वाटेवरचे दोन टप्पे तरी कमी होतात. आणि चवीत फरक पडतो तो वेगळाच.

याच्या बाजूला दुसरा अभ्यास ठेवा, म्हणजे निराशा यायची नाही. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या पाच कुटुंबांना, म्हणजे वीस माणसांना, तीन दिवस ताजं, डबाबंद नसलेलं जेवण दिलं. डीईएचपीचे अंश निम्म्याहून अधिक उतरले. तीन दिवसांत! कारण हे द्रव्य शरीरात ठाण मांडून बसत नाही. यकृत त्याचे तुकडे करतं आणि एक-दोन दिवसांत ते लघवीवाटे जातं. रोज थोडं येतं म्हणून रोज थोडं सापडतं. येणं कमी केलं की सापडणंही कमी होतं.

यातच तुमच्या साडेचार हजारांच्या किटचा निकाल लागला. जे शरीर आपणहून दोन दिवसांत बाहेर टाकतं, ते बाहेर काढायला काढा कशाला? थॅलेट शरीरातून ओढून काढणारं कुठलंही औषध नाही. आणि गरोदर बाईने घटक धड न लिहिलेली चूर्णं घेणं हा प्लास्टिकच्या डब्याहून कितीतरी मोठा धोका आहे, कारण अशा काही औषधांत शिसं आणि पारा सापडलेला आहे. पाकीट फोडलं नसेल तर परत करा, फोडलं असेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे ठेवा आणि तोवर एक चमचाही घेऊ देऊ नका. लघवीच्या तपासणीचंही तसंच. सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा वेगळा येतो, आदल्या दिवशी काय खाल्लं त्यावर बदलतो, आणि आकडा आल्यावर अमुकच्या वर म्हणजे आजार अशी रेघ कोणी ओढलेली नाही. डॉक्टर त्यावरून काहीच वेगळं करणार नाहीत. त्या पैशांत स्टीलचे चार चांगले डबे येतात.

सुनेच्या ड्रेसिंग टेबलाकडे तिचं लक्ष गेलं नसेल तर हळूच वळवा, सासूने सांगितलं असं वाटू न देता. सुगंध टिकवायला आणि पातळ करायला डीईपी नावाचं थॅलेट वापरतात. बाटलीवर ते नावाने येत नाही, ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ या एका शब्दाच्या पोटात राहतं. कॅलिफोर्नियातल्या सलिनास इथल्या शंभर किशोरवयीन मुलींना तीन दिवस थॅलेट नसलेली प्रसाधनं वापरायला दिली, तर डीईपीचे अंश सुमारे २७ टक्के उतरले. २०१६ चा हा अभ्यास. म्हणजे बाळंतपणापर्यंत बॉडी स्प्रे, उग्र वासाचं लोशन आणि गाडीत टांगलेलं सुगंधी झाड यांना सुट्टी. तुमच्याकडूनही एक सवलत हवी: देवापुढे उदबत्ती एक, आणि खिडकी उघडी. धूर हाच गरोदर बाईला पुरेसा वाईट, सुगंधाचं रसायन बाजूलाच राहू द्या.

सुनेने ‘बीपीए फ्री’ लिहिलेली बाटली आणली असेल, तर तो वेगळा पाहुणा आहे. बीपीए हे मऊ करणारं द्रव्य नाही, पॉलिकार्बोनेट नावाचं कडक, काचेसारखं प्लास्टिक त्यापासून बनतं. पाण्याचे वीस लिटरचे निळसर जार बघा, तळाला ७ आकडा असेल तर ते बहुधा याचेच, आणि ते टेम्पोत तासन्‌तास उन्हात असतात. युरोपने २०२३ मध्ये बीपीएची सुरक्षित मर्यादा एकदम वीस हजार पटींनी खाली आणली, यावरून तिथल्या तज्ज्ञांचं मत किती बदललं ते कळेल. घरी फिल्टर असेल तर जार बंद करा. ‘बीपीए फ्री’ असं लिहिलेल्या काही मालात त्याचाच भाऊ बीपीएस असतो, म्हणून त्या दोन शब्दांसाठी जास्त पैसे मोजू नका.

दवाखान्याबद्दल मात्र एक ताकीद. सलाइनच्या नळ्या आणि रक्ताच्या पिशव्या बऱ्याचदा डीईएचपी घातलेल्या पीव्हीसीच्या असतात, हे कोणीतरी सुनेला सांगेलच. ऐन वेळी त्यावरून सलाइन किंवा रक्त नाकारायचं नाही. त्या क्षणी ते नाकारण्याचा धोका कितीतरी मोठा असतो.

भांडण मिटवायचं कसं, हेही तुम्ही न विचारता विचारलंय. पोतं दोघींनी मिळून रिकामं करा. तळाचे आकडे तिला वाचू द्या, निर्णयही तिला घेऊ द्या. दहातले आठ डबे परत फडताळात जातील हे मला आत्ताच दिसतंय, पण ते तिच्या हाताने गेले पाहिजेत. टेबलावरचं कव्हर मात्र तुम्ही स्वतः काढा, तिने सांगायच्या आत. आणि लादी रोज ओल्या फडक्याने पुसायची जबाबदारी चिरंजीवांकडे जाऊ द्या. घरातल्या धुळीत थॅलेट साचतात, कोरड्या झाडूने ती नुसती जागा बदलते.

बाळ आल्यावर लोक खेळणी आणतील. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१० मध्ये बाजारातली खेळणी तपासली तेव्हा प्रत्येक नमुन्यात थॅलेट निघाले होते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे, आणि त्या मानकांच्या संचात थॅलेटवरही बंधन आहे. जत्रेतल्या आणि सिग्नलवरच्या मऊ, वासाच्या बदकावर हे चिन्ह नसतं. ते शोकेसमध्ये ठेवा, बाळाच्या तोंडात नको. दात येताना थंड गाजर किंवा ओलं सुती फडकं दिलं की झालं, मात्र गाजराचा तुकडा मोडून घशात जाणार नाही इतकं ते जाड असू द्या आणि कोणीतरी समोर बसा. अंगावरचं दूध शक्य तितके दिवस. बाटली लागलीच तर काचेची किंवा स्टीलची, आणि उकळतं पाणी प्लास्टिकच्या बाटलीत ओतून हलवणं नको.

आणि मेणकापड. प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत ते असतंच, आणि आजकाल बाजारात मिळतं त्यातलं बरंचसं पीव्हीसीचा थर चढवलेलं असतं. नवं आणलंत तर साबणाने धुऊन दोन-तीन दिवस वाऱ्यावर, सावलीत टाका. बाळाखाली ते कधीच उघडं ठेवू नका, वर दुपदरी सुती दुपटं हवं, आणि बाळाला तेल लावून झाल्या-झाल्या तर मुळीच त्यावर निजवू नका. चिकट लागायला लागलं किंवा कडा कडक झाल्या की ते टाकून नवं घ्या.